डाव्या वळणांचा उशीर

शहाजी पिसाळची गाडी येताना ऐकू यायची नाही. जुन्या इंजिनांच्या काळात दोन टेकड्यांपलीकडून आवाज लागायचा आणि कॅमेरा डोळ्याला लावून तयार राहायला भरपूर वेळ मिळायचा. मोटार-रॅलीच्या साऱ्या गाड्या विजेवर धावायला लागल्या, तेव्हापासून कानांचा उपयोग संपला. आता आधी खडी चिरडल्याचा बारीक आवाज यायचा आणि लगेच पाठोपाठ गाडीच यायची. मधे फार तर दोन सेकंद. तेवढ्यात श्रीरंग ताटकेला ठरवावं लागे, की गाडी वळणात कुठून शिरेल, तिचा मागचा भाग किती बाहेर फेकला जाईल आणि आपण उभे आहोत तिथेच थांबायचं की मागे सरायचं.

शहाजी असला, तर श्रीरंग मागे सरत नसे.

श्रीरंग कऱ्हाडात दातांच्या कवळ्या बनवायचा. तीन डॉक्टरांची कामं त्याच्याकडे येत. आठवडाभर तो मेणाच्या आणि प्लास्टरच्या हिरड्यांवर वाकलेला असायचा आणि रॅली असली, की शनिवारी पहाटे कॅमेऱ्याची बॅग पाठीला लावून बाहेर पडायचा. त्याचे फोटो कुठे छापून येत नव्हते. संयोजकांनी नेमलेले फोटोग्राफर वेगळे होते, त्यांच्या गळ्यात पट्टे असायचे, त्यांना गाडीतून वर नेऊन सोडायचे. श्रीरंग चालत जायचा. पाटणच्या वरच्या अंगाला पवनचक्क्यांचं पठार आहे, तिथल्या जांभ्याच्या तांबड्या वाटेवर कुठल्या वळणाला सकाळी नऊला ऊन कसं पडतं आणि अकराला कसं, हे त्याला तोंडपाठ होतं.

चौदा वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा तिथे गेला, तेव्हा शहाजीने त्याला वळणाच्या बाहेरच्या बाजूवरून हाकललं होतं. "मरायचंय का?" असं ओरडून. दुपारी सर्व्हिस पार्कात, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या तळावर, श्रीरंगने त्याला कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. पुढचं चाक जमिनीपासून वीतभर वर, टायरच्या खाचांतून सुटणारी माती आणि काचेआड दात आवळलेला शहाजी. शहाजी बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "उद्या तिथंच उभा राहा. पण एक पाऊल डावीकडं. तिथं मी कधीच येत न्हाई."

तिथून मैत्री सुरू झाली. त्या एका पावलावर श्रीरंग चौदा वर्षं उभा राहिला. ताशी शंभरच्या वेगाने येणारी गाडी त्याच्यापासून दोन मीटरवरून जायची. बायको म्हणायची, हा वेडेपणा आहे. श्रीरंग म्हणायचा, वेडेपणा कसला, शहाजीचे हात मला माहीत आहेत.

श्रीरंगची धाकटी बहीण वृषाली त्याच्यामुळेच या खेळात आली. कॉलेजात असताना ती पाण्याच्या बाटल्या घेऊन त्याच्याबरोबर पठारावर यायची. पुढे शहाजीचा नेव्हिगेटर दुबईला गेला आणि शहाजीने सहज विचारलं, "तुझ्या बहिणीला वाचता येतं ना धडधडीत?" नेव्हिगेटर चालकाशेजारी बसतो. आदल्या दिवशी रस्ता पाहून लिहून ठेवलेली टिपणं तो पळत्या गाडीत वाचत जातो, कारण पुढचं वळण चालकाला दिसतच नसतं. उजवं चार, टेकाड, डावं दोन, खड्डा. आकडा जितका लहान, तितकं वळण अवघड. चालक डोळ्यांवर नव्हे, त्या आवाजावर गाडी चालवतो. वृषाली नऊ वर्षं शहाजीचा आवाज होती.

सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी ती श्रीरंगच्या घरी आली. म्हणाली, "दादा, जानेवारीत शहाजीदादांची पन्नासावी रॅली आहे. आपण त्यांना एक अल्बम देऊ या. तुझे सगळे फोटो मला दे."

"निवडून देतो की."

"नको. सगळे दे. अस्पष्ट असले तरी."

श्रीरंगला हसू आलं. त्याच्या नव्या कॅमेऱ्यातून एका दाबात सेकंदाला एकशेवीस चित्रं निघायची. त्यातलं एक ठेवून बाकीची काढून टाकायची, असं तो दर वेळी ठरवायचा आणि त्याला ते जमायचं नाही. सात वर्षांत चार लाखांवर चित्रं साठली होती. आजवर कुणीच ती मागितली नव्हती. त्याने दोन संध्याकाळी बसून सारं एका डिस्कवर भरलं, वर्षवार लावलं आणि वृषालीच्या हातात देताना म्हणाला, "माझं नाव कुठेतरी बारीक अक्षरात घाला बरं का."

"घालणार ना," ती म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. चहा अर्धा टाकून ती गेली.

जानेवारीतल्या त्या शनिवारी पठारावर बोचरी हवा होती. सर्व्हिस पार्क पायथ्याच्या सपाटीवर होतं. गाड्यांची तपासणी चालली होती. शहाजीच्या गाडीच्या दारावर त्याच्या गॅरेजमधल्या पोरींनी 'पन्नास' असं पांढऱ्या रंगात लिहिलं होतं. श्रीरंग त्याचा फोटो काढत असताना एक अधिकारी आला आणि शहाजीला वैद्यकीय तंबूत बोलावून घेऊन गेला.

पंधरा मिनिटांनी शहाजी बाहेर आला. हातात दोन पानं होती. हेल्मेट त्याने कुठेतरी आतच ठेवलं होतं. तो सरळ श्रीरंगकडे आला. भोवती वीस-पंचवीस माणसं होती, चालक, मेकॅनिक, त्यांच्या बायका.

"हे काय रं, रंगा?"

श्रीरंगने पानं घेतली. चालक शहाजी बाबूराव पिसाळ यांचा परवाना मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासणी होईपर्यंत स्थगित. आधार, हस्तवेध वाचन. खाली एका ओळीत लिहिलं होतं, 'छायाचित्रसंग्रह: श्रीरंग ताटके, कऱ्हाड.'

"मला काहीच..." श्रीरंग म्हणाला.

"चौदा वर्षं तुला माझ्या वळणावर उभा केला. दुसऱ्या कुणाला उभं राहू दिलं का? आणि तू माझे हात मोजत बसलास?"

"शहाजी, देवाशपथ, मी कुणाला काही दिलेलं नाही."

"मग चार लाख फोटो काय वाऱ्यावर उडून गेले तंबूत?" शहाजीने पानं त्याच्या हातातून ओढून घेतली. तो ओरडत नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "फोटो काढतोस असं वाटलं होतं मला. माझा फोटो काढतोस."

तो गाडीकडे गेला आणि दारावरचं 'पन्नास' हाताने पुसायला लागला. रंग ओला होता. तो सगळा फराटला.

श्रीरंग तंबूत गेला. डॉक्टर मोघे म्हणून चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि पडद्यावर शहाजीची गाडी लावली. श्रीरंगचाच फोटो होता, तीन वर्षांपूर्वीचा.

"खडीवर गाडी चालवताना कुणाचेही हात स्थिर नसतात," त्या म्हणाल्या. "गाडी सरकते, हात स्टिअरिंग किंचित वळवतात, पुन्हा सरकते, पुन्हा वळवतात. सेकंदाला चार-पाच दुरुस्त्या. हे मेंदू परस्पर करतो, चालकाला कळतही नाही. पण प्रत्येक दुरुस्ती पुढच्या चाकाच्या कोनात दिसते. पूर्वी हे मोजायला गाडीत यंत्रं बसवावी लागायची. आता हस्तवेध आहे, गाडीचा नेमका आकार माहीत असला, की त्या प्रणालीत नुसत्या चित्रावरून चाकाचा कोन अंशाच्या दहाव्या भागापर्यंत काढता येतो. आणि तुमचा कॅमेरा सेकंदाला एकशेवीस चित्रं घेतो. म्हणजे तुमच्या प्रत्येक दाबात त्या माणसाच्या हातांची एक लहानशी नोंद झाली. एका नोंदीवरून काहीच कळत नाही. सात वर्षांच्या नोंदी मात्र माणसाची त्याच्या स्वतःशीच तुलना करतात."

त्यांनी एक आलेख दाखवला. दोन रेषा होत्या. एक आडवी, सात वर्षं जवळपास सपाट.

"ही उजव्या वळणांची. आणि ही डाव्या." दुसरी रेषा तिसऱ्या वर्षापासून वर चढत गेली होती. "गाडी सरकल्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ. डावीकडे तो वाढत गेलाय. सहा शतांश सेकंदांनी. शिवाय डावीकडची प्रत्येक दुरुस्ती आधीपेक्षा लहान झालीय. एकाच बाजूच्या हालचाली हळू आणि तोकड्या होत जाणं. हाताला कंप सुटायच्या कितीतरी आधीची खूण आहे ही."

"कसली?"

"निदान मी करणार नाही. तपासणी होऊ दे." मग त्या म्हणाल्या, "कंपवाताची असू शकते."

श्रीरंगने विचारलं, की हे सगळं तुमच्याकडे दिलं कुणी. तक्रारदाराचं नाव गुप्त असतं, असं त्या म्हणाल्या. संग्रहाच्या मालकाचं नाव मात्र नियमाप्रमाणे छापावं लागतं. पण श्रीरंगला विचारायची गरजच नव्हती. ती डिस्क त्याने एकाच माणसाला दिली होती.

वृषाली पार्किंगच्या टोकाला तिच्या गाडीत बसली होती. अंगात रॅलीचा सूट, मांडीवर टिपणांची वही. तो शेजारी बसला.

"अल्बम कुठाय?" त्याने विचारलं.

तिने वहीची पानं सारखी केली.

"वृषा, अल्बम कुठाय?"

"आधी मला वाटलं, माझंच चुकतंय," ती म्हणाली. "मागच्या वर्षीपासून. मी म्हणायची, डावं तीन, आणि गाडी उशिरा वळायची. मला वाटलं, मी उशिरा वाचतेय. वय झालं, जीभ जड झाली. घरी घड्याळ लावून वाचायची सवय केली. मग अर्धा श्वास आधी वाचायला लागले. गाडी बरोबर वळायला लागली. दोन रॅल्या अशा काढल्या. तिसऱ्यांदा लक्षात आलं, की आधी वाचावं लागतंय ते फक्त डाव्या वळणांना. मी उशीर करत असते, तर दोन्हीकडे झाला असता ना?"

"मग त्याला विचारायचंस."

"विचारलं. हसले. म्हणाले, पोरी, तू घाबरायला लागलीस, आता लग्नबिग्न कर." तिने वही मिटली. "मला दहा वर्षांचा मुलगा आहे, हे त्यांना चांगलं माहीत आहे. मी गप्प बसावं म्हणून बोलले ते."

"मग मला सांगायचंस."

"तुला?" ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "तू त्याच संध्याकाळी गॅरेजवर जाऊन बसला असतास. शहाजी, वृषा काय म्हणतेय बघ, असं म्हणाला असतास. त्यांनी तुझ्या पाठीवर थाप मारली असती आणि तू येऊन मलाच समजावलं असतंस. खोटं आहे का?"

श्रीरंगला ते खोटं म्हणता आलं नाही.

"माझं नाव येणार, हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"भर मैदानात त्याने मला..."

"बघत होते इथून." तिचा आवाज चिरकला. "मी पुढे यायला हवं होतं. पाय उचलले नाहीत. मला वाटलं, तुझ्यावर ते चिडतील, चार महिन्यांनी विसरतील. मला कधीच माफ केलं नसतं. आणि दुसऱ्या कुणा चालकाने मला शेजारी बसवलं नसतं."

"म्हणजे तुझी खुर्ची टिकावी म्हणून माझं नाव."

श्रीरंग गाडीतून उतरला. त्या दिवशी तो पठारावर चढलाच नाही. वर रॅली सुरू झाल्याचं फक्त धुळीवरून कळत होतं.

पुढचे दोन महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात एकटे गेले. तपासणीत शहाजीचा आजार पक्का झाला आणि बातमी सगळीकडे पसरली. फेब्रुवारीतल्या कोल्हापूरकडच्या रॅलीला श्रीरंग गेला, तेव्हा बऱ्याच चालकांनी पुढच्या चाकांवर कापडी झालरी लावल्या होत्या. वळणावर झालर फडफडायची आणि चाक दिसायचं नाही. नियमात तसं करायला मनाई नव्हती, कारण असं कुणी करेल, हे नियम लिहिणाऱ्यांना सुचलंच नव्हतं. कधीकाळी "रंगाकाका, माझा एक झकास काढा" म्हणणारी पोरं आता हात आडवा करायची. अमोघ शिंत्रे नावाचा निपाणीचा चालक होता. श्रीरंगने काढलेला फोटो त्याने लग्नाच्या पत्रिकेवर छापला होता. त्याने जवळ येऊन अगदी आदराने सांगितलं, "काका, राग मानू नका. पण माझ्यावर कॅमेरा धरू नका."

श्रीरंगने कॅमेरा बॅगेत घातला आणि तो परत आला. घरी आल्यावर कवळ्यांच्या कामात त्याचं लक्ष लागेना. एका बाईंची कवळी त्याने दोनदा बिघडवली.

वृषालीचा फोन येई, तो घेत नसे. शेवटी मार्चमध्ये त्याने ठरवलं, की शहाजीला खरं काय ते सांगून टाकायचं. बहिणीचं नाव घ्यायचं. जिने आपलं नाव वापरायला मागेपुढे पाहिलं नाही, तिचं नाव आपण का झाकून ठेवायचं? एका बुधवारी सकाळी तो गॅरेजवर गेला.

शहाजी एका जीपखालून बाहेर आला. वजन उतरलं होतं. त्याने श्रीरंगकडे पाहिलं, हात पुसले आणि काही न बोलता दुसरी खुर्ची ओढून दिली. आतून शहाजीच्या बायकोने, सुलभावहिनींनी डोकावून पाहिलं. त्या चहा ठेवून गेल्या, पण श्रीरंगशी बोलल्या नाहीत.

"बोल," शहाजी म्हणाला.

श्रीरंगने मनात जुळवून आणलेली वाक्यं तोंडाशी येईनात. काहीतरी चांगलं बोलून सुरुवात करावी, म्हणून तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, लवकर कळलं ते बरं झालं. लवकर औषध सुरू झालं, की..."

"लवकर कसलं," शहाजी म्हणाला. "मागल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीपासून गोळ्या खातोय मी."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्याने चहाचा कप उचलला आणि परत ठेवला.

श्रीरंगने मनात हिशोब केला. मागल्या दिवाळीच्या आधीची दिवाळी. त्यानंतर सात रॅल्या झाल्या होत्या. सातही वेळा वृषाली शेजारी होती. सातही वेळा तो स्वतः त्या एका पावलावर उभा होता.

"तुला माहीत होतं?"

"गोळी घेतली, की चाळीस मिनिटांनी हात मोकळे होतात. पुढं दीड तास हात माझेच असतात, रंगा. अगदी पहिल्यासारखे. स्टेजची धाव बारा मिनिटांची. मी घड्याळ लावून गोळी घ्यायचो. एकदाबी चुकलो न्हाई."

"गेल्याच्या आधीच्या डिसेंबरात?" श्रीरंगने विचारलं. "पवनचक्कीचं पातं नेणारा ट्रक घाटात अडकला होता. स्टेज दोन तास उशिरा सुटली."

शहाजी हाताला लागलेलं तेल पुन्हा फडक्याने पुसायला लागला.

श्रीरंगला ती दुपार लख्ख आठवली. गाडी नेहमीपेक्षा हातभर जवळून गेली होती. खडी त्याच्या गुडघ्यावर फुटली होती, पँट फाटून रक्त आलं होतं. पण फोटो असा आला होता, की तसा त्याने आयुष्यात काढला नव्हता. संध्याकाळी त्याने लंगडत जाऊन शहाजीला मिठी मारली होती. माझ्यासाठी जवळून काढलीस ना, असं विचारलं होतं. आणि शहाजी हसून म्हणाला होता, "मग? तुझ्यासाठीच."

"गोळी उतरली होती," शहाजी हळू आवाजात म्हणाला. "दुसरी खिशात होती. पण वृषालीसमोर कशी घेणार?"

"ती शेजारी बसली होती, शहाजी. माझी बहीण. तिला दहा वर्षांचा मुलगा आहे."

"मला माहीत आहे."

"आणि मी बाहेर उभा होतो."

"आरं, मला माहीत आहे!" शहाजीचा आवाज चढला. "पण माझं दुसरं काय होतं? हे गॅरेज? दिवसभर लोकांचे ब्रेक घासत बसायचं? वर्षातनं चार दिवस मी कोण तरी होतो. ते चार दिवस तुझ्यामुळं दिसायचे. तुझे फोटो बघूनच मला कळायचं, मी कसा चालवतो. आणि त्याच फोटोंनी..." त्याचा डावा हात मांडीवर होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हलके घासली जात होती, जणू तो गोळी वळत होता. त्याने उजवा हात त्यावर ठेवला.

श्रीरंगला त्याची दया आली. आणि त्या दयेइतकाच रागही आला. रागावताना दया जात नव्हती आणि दया येताना राग निवत नव्हता. चौदा वर्षं आपण या माणसाच्या हातांवर जीव सोपवला, असं तो अभिमानाने लोकांना सांगत आला होता. या माणसाने ते ऐकलं होतं, आणि शेवटच्या सात वेळा त्याला माहीत असूनही उभं राहू दिलं होतं.

"एक सांग," शहाजी म्हणाला. "तंबूत फोटो तूच दिलेस ना? मैदानात तू न्हाई म्हणालास. त्या दिवशी मी इतका चिडलो होतो, की ऐकूनच घेतलं न्हाई. नंतर कधी कधी वाटायचं, रंगा असं करणार न्हाई. खरं काय ते सांग. तू न्हाई म्हणालास, तर मी मानीन."

हेच सांगायला श्रीरंग आला होता. दारातून आत येईपर्यंत त्याच्या ओठांवर वृषालीचं नाव होतं.

"मीच दिले," तो म्हणाला.

शहाजीने डोळे मिटले.

"आणि आधी कळलं असतं," श्रीरंग म्हणाला, "तर आधी दिले असते."

तो उठला. चहाला त्याने हात लावला नव्हता. बाहेर रस्त्यावर आला, तरी वृषालीला आपण माफ केलेलं नाही, हेही त्याला कळत होतं. तिने योग्य केलं होतं. पण त्याच्या पाठीआडून केलं होतं. या दोन गोष्टी त्याला एकत्र बसवता येत नव्हत्या. त्याने तिला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, की शहाजीला दीड वर्ष माहीत होतं, आणि तुझं नाव मी घेतलेलं नाही. पलीकडून रडण्याचा आवाज आला. "दादा, तू माझ्यासाठी..." ती म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

एप्रिलमध्ये चालकांना परवाने देणाऱ्या महासंघाचं पत्र आलं. तुमच्या संग्रहात आणखी त्र्याऐंशी चालकांची छायाचित्रं आहेत. त्यांचं वाचन करण्यास आपली परवानगी असल्यास सोबतच्या अर्जावर सही करावी. कुणाचंही निदान थेट महासंघाला कळवलं जाईल, चालकाला नंतर.

श्रीरंगने अर्ज तीन दिवस टेबलावर ठेवला. हस्तवेध आता सगळ्यांसाठी खुलं झालं होतं, घरच्या संगणकावरही चालायचं. रविवारी सकाळी त्याने ते उघडलं आणि स्वतःची चार लाख चित्रं त्यात घातली. संध्याकाळपर्यंत यंत्राने एकेक माणूस वाचला. जवळजवळ सगळ्यांच्या रेषा सपाट होत्या. एकाची नव्हती.

अमोघ शिंत्रेची. त्याच्या हातांना काहीच झालं नव्हतं. उजवीकडे, डावीकडे सारखाच होता, उघड्या माळावर तर सगळ्यांत चपळ. पण त्याची गाडी उन्हातून झाडांच्या सावलीत शिरली, की पहिल्या सेकंदाला त्याचे हात गोंधळायचे. फक्त तिथेच. यंत्राने त्याचा अर्थ लावला नव्हता, तसे इतर कुणाचे नमुने त्याच्याकडे नव्हते. श्रीरंगला मात्र तो लगेच कळला. उन्हातून सावलीत कॅमेरा फिरवला, की क्षणभर सगळं काळं पडतं. ते त्याने हजार वेळा अनुभवलं होतं. हा मुलगा सावलीत शिरताना तेवढा वेळ आंधळा होत होता. त्याचं त्यालाही बहुधा माहीत नव्हतं.

श्रीरंगने अर्ज फाडला नाही, सहीही केली नाही.

पुढची रॅली राधानगरीच्या जंगलातली होती. सारा रस्ता झाडीतून जाणारा. श्रीरंग सकाळी सर्व्हिस पार्कात पोचला, तेव्हा अमोघ हेल्मेटची काच पुसत होता. त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकांवर काळी झालर होती. श्रीरंगला बघून त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"काका, सांगितलं होतं ना मी..."

"कॅमेरा आणलेला नाही," श्रीरंग म्हणाला आणि दोन्ही हात मोकळे दाखवले. "तुझ्याबद्दल मला एक गोष्ट कळलीय. अजून कुणालाच माहीत नाही. आधी तुला सांगायला आलोय. तुझ्या तोंडावर."

त्याने सगळं सांगितलं. कागद दाखवला, कुठल्या वळणांवर होतं, ते सांगितलं. अमोघ आधी हसला, मग चिडला, मग त्याने तो कागद पुन्हा मागून घेतला. बोलता बोलता तो थांबला आणि म्हणाला, की बोगद्यात गाडी शिरली की बायको आताशा त्याला ओरडते, सावकाश चालव म्हणून. हल्ली तो बोगद्याआधी गाडी तिच्याकडेच देतो. का ते त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"तुम्ही हे कुणाला सांगणार?" त्याने विचारलं.

"डोळे तपासून घे. पुढचं तुझं तू ठरव. मी महासंघाला काही देणार नाही." श्रीरंग एक पाऊल पुढे आला. "पण आज तू गाडीत बसणार असशील, तर तुझ्या शेजारी जो बसणार आहे, त्याला मी सांगणार. आत्ता. तुझ्यासमोर."

अमोघने मागे वळून पाहिलं. त्याचा नेव्हिगेटर, तिशीतला एक बारकासा माणूस, बॉनेटवर वही ठेवून टिपणांवर शेवटची नजर टाकत होता. ओठ हलत होते. मैदानात घोषणा झाली. पहिली गाडी सुटायला वीस मिनिटं होती.

अमोघने हेल्मेट खाली गवतावर ठेवलं.

"सुहास," त्याने हाक मारली, "वही राहू दे. जरा इकडे ये."